ॲप तयार आहे, पण डाउनलोड का होत नाही?

प्रश्न : दूध संकलन केंद्रांसाठी मराठी ॲप बनवलं आहे. प्ले स्टोअरवर येऊन काही महिने झाले, पण शोधल्यावर ते सापडत नाही आणि पान उघडणारेही फारसे डाउनलोड करत नाहीत. जाहिरात सुरू करावी का? – सांगली जिल्हा

आत्ताच नको. तुमच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. सापडत नसेल तर दोष शब्दांत असतो. पान उघडूनही लोक परत जात असतील तर दोष चित्रांत किंवा रेटिंगमध्ये असतो. प्ले कन्सोलमध्ये (ॲप प्रकाशित करणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर) पान पाहणारे किती आणि त्यांपैकी डाउनलोड करणारे किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. आधी ते पाहा.

शब्दांपासून सुरुवात करू. प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरं मिळतात, छोट्या वर्णनाला ८० आणि मोठ्या वर्णनाला ४,०००. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘दूध हिशोब: संकलन, पगार, वही’ हे नाव डोळ्यांना एकवीस अक्षरांचं वाटतं, पण मोजणीत सत्तावीस भरतं. जोडाक्षरं आणखी महाग पडतात. ‘क्ष’ एकटाच तीन जागा घेतो. म्हणून नावात आपल्या कंपनीचं नाव घालून जागा घालवू नका. केंद्रचालक जे शब्द बोलतो तेच घ्या: संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक), पगार (उत्पादकाला मिळणारे दुधाचे पैसे). ‘दुग्ध व्यवस्थापन प्रणाली’ असं कुणी शोधत नाही. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर १’, ‘मोफत’ असे शब्द आणि इमोजी नावात चालत नाहीत. अपडेट नाकारला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही भरलेलं मराठी पान मुख्यतः फोनची भाषा मराठी ठेवणाऱ्यांनाच दिसतं. महाराष्ट्रात असंख्य लोक मराठी बोलतात, मराठी वाचतात आणि फोन मात्र इंग्रजीत ठेवतात. त्यांना ‘इंग्रजी (भारत)’ हे पान दिसतं. ते पान रिकामं किंवा निव्वळ इंग्रजी ठेवलंत, तर तुमचा खरा ग्राहक ॲप परक्याचं आहे असं समजून निघून जातो. त्या पानावर ‘दूध हिशोब’ हे नाव रोमन लिपीत लिहा, कारण शोधतानाही बरेचजण रोमन अक्षरांतच मराठी टाइप करतात. छोटं वर्णन इंग्रजीत चालेल, पण स्क्रीनशॉट मराठीच ठेवा. मोठ्या वर्णनात हे शब्द वाक्यांतून येऊ द्या. नुसत्या शब्दांची रास ओतली तर ते नियमभंगात धरलं जातं.

स्क्रीनशॉट आठपर्यंत टाकता येतात. पहिल्या दोन-तीनवरच निर्णय होतो. तिथे स्वागताचा पडदा, लोगो किंवा लॉगिन पान टाकणं म्हणजे हातची जागा घालवणं. पहिल्या चित्रात भरलेली नोंद दाखवा: सकाळचं दूध, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दुसऱ्यात दहा दिवसांच्या पगाराची पावती, तिसऱ्यात तीच पावती व्हॉट्सॲपवर गेलेली. वरची ओळ चार-पाच शब्दांची आणि मोठ्या टायपात हवी; लहान फोनवर देवनागरीच्या मात्रा पुसट होतात. आयकॉन ५१२ × ५१२ पिक्सेलचा असतो, पण तो बोटाच्या पेराएवढाच दिसतो. त्यात शब्द कोंबू नका.

प्ले कन्सोलमध्ये दोन रूपांची तुलना करण्याची सोयही आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान पूर्ण आठवडा चालू द्या, म्हणजे रविवार आणि कामाचे दिवस दोन्ही त्यात येतील. रोज पन्नास-साठ लोकच पान पाहत असतील तर या चाचणीतून निकाल निघणार नाही. त्यापेक्षा पाच केंद्रचालकांना पान दाखवून ‘हे ॲप काय करतं?’ एवढंच विचारा.

आणि एक तांत्रिक तपासणी आजच करा. प्ले स्टोअर आता ॲप बंडल (ज्यातून प्रत्येक फोनला लागेल तेवढाच भाग पाठवता येतो असं पॅकेज) घेतं आणि फोनच्या भाषेपुरताच मजकूर पाठवतं. ॲपमध्ये तुम्ही स्वतःचं ‘भाषा निवडा’ बटण दिलं असेल, तर इंग्रजी फोनवर मराठी निवडूनही इंग्रजीच दिसू शकतं, कारण मराठी मजकूर फोनवर उतरलेलाच नसतो. डेव्हलपरच्या संगणकावर सगळं ठीक चालतं, म्हणून हा दोष सापडत नाही. ग्रेडलच्या (ॲप बांधणाऱ्या साधनाच्या) बंडल विभागात भाषेचं विभाजन बंद करा. आकार थोडा वाढेल, पण एक तारा देऊन जाणारे थांबतील.

प्रश्न : जाहिरातीसाठी दहा हजार रुपये आहेत. कुठे आणि कसे घालावेत? – नाशिक

गूगलची ॲप कॅम्पेन हा छोट्या बजेटला समजायला सोपा मार्ग आहे. तीत तुम्ही मजकूर आणि चित्रं देता. कुठे दाखवायचं ते यंत्रणा ठरवते. मथळे पाचपर्यंत, प्रत्येकी ३० अक्षरं. वर्णनंही पाच, प्रत्येकी ९० अक्षरं. व्हिडिओ दिला नाही तर तुमच्या पानावरच्या चित्रांतून तो आपोआप बनवला जाऊ शकतो आणि तो बहुधा ओबडधोबड असतो. उभा, आडवा आणि चौकोनी असे तीन व्हिडिओ फोनवरच बनवून द्या. पहिल्या तीन सेकंदांत ॲपचा पडदा दिसला पाहिजे.

सुरू करण्याआधी मोजणी लावा. फायरबेस (ॲपचा वापर मोजणारी गूगलची सोय) ॲपमध्ये बसवा, ते गूगल ॲड्सला जोडा आणि ‘पहिली नोंद जतन झाली’ अशी एक घटना ठरवून घ्या. ही पायरी गाळली तर यंत्रणा स्वस्तात डाउनलोड करणारे लोक शोधते. असे लोक दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतात. हिशेब करून बघा: समजा, १२ रुपयांना एक डाउनलोड मिळालं, तर दहा हजारांत सुमारे ८३० होतील. त्यांतले ८० जण आठवड्यानंतरही नोंदी करत असतील, तर एक खरा ग्राहक १२५ रुपयांना पडला. तुमची वर्गणी आणि नफा यांच्याशी हा १२५ चा आकडा ताडून बघा, बारा रुपयांचा नव्हे.

दैनिक बजेट अपेक्षित डाउनलोड-किमतीच्या पन्नासपट ठेवावं, अशी गूगलची शिफारस आहे. १५ रुपये धरलेत तर रोज ७५०. म्हणजे तुमचे पैसे तेरा दिवस पुरतील. रोज १०० रुपये टाकून तीन महिने ओढण्यापेक्षा हे बरं, कारण यंत्रणेला शिकायला पुरेशी आकडेवारी मिळते. या काळात ही अपेक्षित किंमत सारखी बदलू नका. दुसऱ्या दिवशी आकडे वाईट दिसले म्हणून निम्मी करणं ही सर्वांत महागडी चूक आहे.

ठिकाणाच्या निवडीत ‘या भागात असलेले लोक’ हा पर्याय घ्या. मूळ पर्यायात त्या भागात नुसता ‘रस असलेले’ही येतात. भाषेत मराठीबरोबर इंग्रजी आणि हिंदीही टिकवा. कारण वर सांगितलंच.

यातले दोन-तीन हजार बाजूला काढून क्यूआर कोडची छापील पत्रकं करा, असा आमचा आग्रह आहे. खत-बियाण्यांचं दुकान, पशुखाद्याचं दुकान, डेअरीची खिडकी, जिथे तुमचा ग्राहक उभा असतो तिथे ती लावा. प्रत्येक ठिकाणासाठी गूगलच्या यूआरएल बिल्डरमधून वेगळी लिंक तयार करा, म्हणजे कोणत्या दुकानातून किती आले ते प्ले कन्सोलमध्ये दिसेल. फायरबेसच्या डायनॅमिक लिंक्स (ॲपकडे नेणाऱ्या लिंक्स) २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहेत. जुन्या पत्रकांवर त्या असतील तर ती काढून टाका.

प्रश्न : पाच तारांचे शंभर रिव्ह्यू विकत मिळतात, घ्यावेत का? – पुणे

नाही. ते नियमबाह्य आहे, पकडले गेले की रिव्ह्यू पुसले जातात आणि ॲपही जाऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे वाचणाऱ्याची ती फसवणूक आहे.

ॲपच्या आतच तारा देण्याची खिडकी उघडण्याची सोय गूगल देतं. ती पहिल्याच दिवशी दाखवू नका. काम फत्ते झालं त्या क्षणी, म्हणजे पावती पाठवल्यावर दाखवा. तिला ‘रेटिंग द्या’ असं बटण जोडू नका: ती खिडकी किती वेळा दिसावी यावर गूगलची मर्यादा आहे, मर्यादा संपली की बटण दाबूनही काहीच घडत नाही. बटण हवंच असेल तर त्यातून थेट स्टोअरचं पान उघडा. ‘ॲप आवडलं का?’ विचारून फक्त खूश लोकांना पुढे पाठवणंही मना आहे. आयफोनवर ही विनंती वर्षात तीनदाच दिसते.

तक्रारीला उत्तर जरूर द्या. ३५० अक्षरं मिळतात. दोष दुरुस्त झाला की कोणत्या आवृत्तीत झाला ते लिहा. उत्तराची सूचना त्या माणसाला जाते आणि तो तारा बदलू शकतो.

प्रश्न : नवीन खात्यावर ॲप प्रकाशित होत नाही. बारा लोकांनी वापरूनही अर्ज फेटाळला. – छत्रपती संभाजीनगर

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना बंदिस्त चाचणी सक्तीची आहे: किमान १२ जण, सलग १४ दिवस. यादीत ईमेल टाकणं पुरेसं नसतं. प्रत्येकाने दुव्यावर जाऊन संमती द्यावी लागते आणि तीही फोनमधल्या प्ले स्टोअरच्या त्याच जीमेल खात्याने. दोन खाती असलेल्यांचा घोळ इथेच होतो. मधेच एक बाहेर पडला आणि संख्या अकरावर आली, तर सलगपणा तुटतो. म्हणून वीस जण घ्या. त्यांनी ॲप खरोखर वापरलं पाहिजे. काय सुचवलं आणि तुम्ही काय बदललं, हे अर्जात विचारलं जातं. तिथे एका ओळीचं उत्तर देऊ नका. मधल्या काळात एक-दोन अपडेटही सोडा.

प्रश्न : वर्षाची वर्गणी ठेवली, पण नूतनीकरणाच्या वेळी बरेच पैसे अडकतात. – कोल्हापूर

खात्यात त्या दिवशी शिल्लक नसणं हे मुख्य कारण असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप वजावटीआधी २४ तास सूचना जाते. ती पाहून काहीजण वर्गणी रद्दही करतात. तुमची स्वतःची आठवण त्याच्या एक आठवडा आधी, मराठीत, रकमेसकट जाऊ द्या. प्ले कन्सोलमध्ये सवलतीचा काळ चालू ठेवा, म्हणजे पैसे अडकले तरी सेवा लगेच तुटत नाही. आणि प्रीपेड योजना जोडा: ग्राहक तीन महिन्यांचे पैसे एकदाच भरतो, आपोआप काहीच कापलं जात नाही. मोबाइल रिचार्जची सवय असल्याने हे लोकांना पटकन कळतं. वर्गणीवर गूगल १५ टक्के घेतं, ते किमतीत धरा.

रद्द करण्याचं बटण लपवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या पद्धतींना मनाई केली आहे. वर्गणीचा सापळा आणि खोटी घाई त्यांतच येतात.

प्रश्न : स्पर्धक ‘एआय’ लिहून जाहिरात करतात. आम्हीही जोडावं का? – ठाणे

ग्राहकाची एखादी पायरी त्याने कमी होत असेल तरच. हिशेबाच्या ॲपमध्ये ‘सव्वीस लिटर, फॅट चार पॉइंट दोन’ असं बोलून नोंद होणं उपयोगाचं आहे, पण गोठ्याच्या गोंगाटात, तुमच्या तालुक्याच्या बोलीत ते तपासून घ्या. चुकीचा जतन होऊ नये म्हणून आकडा आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवा आणि होकार घ्या. अशा दर नोंदीमागे सर्व्हरचं भाडं लागतं, तेव्हा ही सोय फुकट योजनेत देण्याआधी रोजच्या नोंदींची संख्या गुणून बघा. जाहिरातीत मात्र ‘एआय’ऐवजी ‘बोला, नोंद होईल’ असं लिहा.