वाचकांचे प्रश्न : ध्यानाला बसल्यावर विचार का वाढतात?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील शेतकरी आहे, वय 43. गेल्या वर्षापासून पहाटे अर्धा तास ध्यानाला बसतो. पण डोळे मिटले की कर्जाचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी, भावाशी चाललेला धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद हे सगळे एकदम अंगावर येते आणि छाती धडधडते. हृदयाची तपासणी केली, ती ठीक निघाली. ज्या दिवशी बसत नाही त्या दिवशी उलट बरे वाटते. हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या विजेवर शेतात जावे लागते आणि दिवसाला चार-पाच खर्रे (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) होतात, एवढे सोडले तर प्रकृती चांगली आहे. माझे मन ध्यानाच्या लायकीचेच नाही का?

उत्तर : तुमचे मन पूर्णपणे लायक आहे. ध्यानाला बसल्यामुळे विचार वाढत नाहीत. दिवसभर कामाच्या धबडग्यात जे ऐकू येत नव्हते, ते निवांत बसल्यावर ऐकू येऊ लागते, इतकेच. मन भरकटले, ते भरकटले आहे हे ध्यानात आले आणि तुम्ही त्याला पुन्हा श्वासाकडे आणले, ही क्रिया अर्ध्या तासात पन्नास वेळा घडली तरी ध्यान बिघडले असे समजू नका, कारण मनाला परत आणणे हाच त्यातला व्यायाम आहे. विचारशून्य अवस्था आली नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणारी अनेक पत्रे माझ्याकडे येतात आणि प्रत्येक वेळी मला वाटते की शांतीविषयी बोलणाऱ्यांनी, माझ्यासह, हे आधीच स्पष्टपणे सांगायला हवे होते.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्याला तुम्ही स्वतः महत्त्व दिले नाही, त्याकडे वळतो. रात्रीचे ओलित आणि खर्रा सोडले तर प्रकृती चांगली आहे, असे तुम्ही लिहिता, पण माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे अर्धे मूळ तिथेच आहे. शरीरातले घड्याळ उजेड आणि अंधारावर चालते. शेतीपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री मिळते आणि ज्या आठवड्यात ती रात्री असते, त्या आठवड्यात तुम्ही थंडीत दांडातले पाणी वळवत उभे असता व सकाळी पुन्हा कामाला लागता. झोप तुटली की मेंदूतला भीतीचा भाग अधिक चटकन पेटतो आणि त्याला आवर घालणारा विचाराचा भाग मंदावतो. त्यामुळे जो हप्ता दुपारी केवळ हप्ता वाटतो, तोच पहाटे संकटासारखा उभा राहतो. ओलिताच्या आठवड्यात पहाटेच्या ध्यानाचा आग्रह सोडा आणि ती वेळ झोपेला द्या. दुपारी जेवणानंतर खोली अंधारी करून तास-दीड तास झोपलात तर त्यात आळस मानू नका. सायंकाळच्या चहाचाही विचार करा, कारण त्यातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात.

खर्ऱ्याने मन शांत होते असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. खर्ऱ्यातल्या तंबाखूचे निकोटिन काही मिनिटांतच हृदयाची गती वाढवते आणि सुपारीही उत्तेजकच असते. मग शांत वाटते ते कशाने? आधीच्या खर्ऱ्याचा अंमल उतरू लागल्यावर जी बेचैनी सुरू होते, ती पुढचा खर्रा तेवढ्यापुरती मिटवतो आणि काही वेळाने स्वतःच ती पुन्हा निर्माण करतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच, पण येथे मी केवळ मनापुरते बोलत आहे : छातीच्या धडधडीचा उपाय म्हणून तुम्ही जे तोंडात धरता, तेच धडधडीला कारण होत आहे. सोडायचे ठरवल्यास 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. सोडल्यानंतर पहिले काही आठवडे चिडचिड आणि बेचैनी वाढेल, हे मनात धरून ठेवा आणि त्या काळातल्या अनुभवावरून ध्यानाची परीक्षा करू नका.

बसण्याची पद्धतही थोडी बदलून पाहा. मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पाहिली तर श्वास आत घेताना ती किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते, हे बहुतेकांना स्वतःच्याच हाताखाली जाणवते. त्यामुळे सोडण्याचा श्वास घेण्याच्या श्वासापेक्षा लांब ठेवला की शरीर आपोआप शिथिल होते, त्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही. डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखे होत असेल तर ते उघडे ठेवा, दहा मिनिटे पुरेत. एकट्याने बसणे जड जात असेल तर चारचौघांत बसा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजाशी जोडलेल्या कितीतरी गावांत आजही सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीवर भजन होते, आणि भजनाची ओळ एका दमात म्हणताना श्वास आपसूकच लांब सुटतो. गावात बुद्ध विहार असेल तर तेथील आनापान, म्हणजे श्वास जसा येतो-जातो तसा नुसता पाहणे, हाही उत्तम मार्ग आहे.

मात्र एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. कर्जाचा हप्ता हा मनाचा खेळ नाही. ज्याच्यावर खरे ओझे आहे त्याला केवळ ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे हा त्याच्या दुःखाचा अनादर आहे, असे मी मानतो. धुऱ्याचा वाद ध्यानाने मिटणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागेल किंवा गावच्या तंटामुक्त समितीसमोर भावासह बसावे लागेल. ध्यानाचा उपयोग इतकाच की त्या बैठकीत तुमचा आवाज चढणार नाही आणि भावाचे म्हणणे तुम्हाला पूर्ण ऐकता येईल. हे सगळे करूनही रात्री-अपरात्री जगणेच नको असा विचार मनात डोकावला, तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा आणि 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर फोन करा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : मी हिंगणघाटकडील एका खेड्यात राहते. घरचे आवरून कापूस वेचायला जाते. अलीकडे लहानसहान गोष्टीवर मुलांवर ओरडते आणि नंतर रडू येते. थोडे चालले तरी धाप लागते, जीव घाबरतो. शेजारच्या बाई म्हणतात, पोथी वाच, मन थाऱ्यावर येईल. पोथी वाचते, पण डोळ्यांपुढे अंधारी येते.

उत्तर : ताई, पोथी अवश्य वाचा, पण आधी रक्त तपासून घ्या. धाप, अंधारी, धडधड आणि चिडचिड ही चारही लक्षणे रक्त कमी असल्याची असू शकतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात. रक्तच कमी असले की प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते आणि त्या धडधडीला आपण मनाची भीती समजून बसतो. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तेथेच थायरॉईडविषयी विचारा आणि सिकलसेलची चाचणीही करून घ्या, कारण हा आजार आपल्या विदर्भात बराच आढळतो आणि त्यात लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्या आगेमागे तास-दोन तास चहा टाळा. तुमचा स्वभाव बिघडला, तुम्ही वाईट आई झालात, असा निष्कर्ष अहवाल हाती येण्यापूर्वी काढू नका. आणि अहवाल चांगला आला तरीही सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवण्याची रीत आजपासून मोडा. हे मी पोथी वाचण्याइतकेच पवित्र काम समजतो.

प्रश्न : तुमसर तालुका, वय 71. पन्नास वर्षे धानाची शेती केली. आता गुडघे आणि हात साथ देत नाहीत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता बसा.’ बांधीत पाय टाकता येत नाही तर मी आहे कोण, हा प्रश्न छळतो. भूक मंदावली आहे आणि पहाटे तीनलाच जाग येते.

उत्तर : काका, ज्या हातांनी पन्नास पावसाळे रोवणी केली ते हात म्हणजेच मी, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि ते थांबल्याचे दुःख हे विरक्ती कमी पडल्याचे लक्षण नाही. तरीही आपल्याच आयुष्यावर नजर टाका. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटणारा पोरगा, नांगर धरणारा तरुण, आणि आज गुडघ्याला तेल चोळणारा म्हातारा, या तिघांची शरीरे वेगळी होती, पण तिघांना पाहणारा एकच आहे आणि हा प्रश्न विचारणाराही तोच आहे. आपली संतपरंपरा ज्याला साक्षी म्हणते तो हाच. त्याची ओळख पटायला वय आड येत नाही.

तत्त्वज्ञान इथेच थांबवतो, कारण आपल्याला कामही हवे आहे. बांधीत किती पाणी ठेवावे, पऱ्हे रोवणीला आले की नाही, धानावरचा करपा रोग कोणत्या आभाळात वाढतो, हे ज्ञान हातात नव्हे, आपल्याजवळ आहे. मुलाला हुकूम म्हणून नव्हे तर तो विचारील तेव्हा सांगा, आणि सकाळी धुऱ्यावर खाट टाकून बसा. त्याचे ‘बसा’ हे आपल्याला बाजूला सारणे आहे असे गृहीत धरू नका, कदाचित ती त्याची काळजी असेल.

मात्र मंदावलेली भूक आणि पहाटेची जाग ही दोन लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली असतील तर ते नैराश्यही असू शकते. उतारवयात ते अनेकदा रडण्यातून नव्हे तर अशाच शारीरिक तक्रारींतून प्रकट होते आणि वयाचा भाग म्हणून सोडून दिले जाते, पण त्यावर उपचार आहेत आणि ते या वयातही लागू पडतात. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, गुडघ्यांचीही तपासणी त्याच फेरीत करून घ्या, आणि जाताना मुलाला सोबत न्या, म्हणजे डॉक्टर काय सांगतात ते त्यालाही कळेल.