नांगरट बंद केलेल्या काळ्या रानात जिप्सम टाकावं का?

दादा, तुमचं परभणीकडं काळं भारी रान, नांगरट बंद करून सोयाबीनवर हरभरा घेताय, वरचा थर कडक व्हायलाय, आणि ब्राझीलचा व्हिडिओ बघून एकरी अर्धा टन जिप्सम (कॅल्शियम अन् गंधक असलेलं खनिज) टाकावं का असं विचारलंय. मी म्हणतो आधी पोतं नका आणू, रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणा.

ब्राझीलचं खरंय, पण तिथली लाल माती आम्लधर्मी, खालच्या थरातलं ॲल्युमिनियम मुळ्या वाढूच देत नाही. चुना टाकला तर नांगरट नसल्यामुळं तो वरच बसतो, जिप्सम मात्र पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळून (लिटरला दोन-अडीच ग्रॅम) खाली उतरतं, म्हणून तिकडं ते चालतं. आपल्याकडं सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल याचं माप) आठच्या आसपास, चुनखडीनं भरलेली जमीन, ॲल्युमिनियमचा प्रश्नच नाही आणि कॅल्शियम तर मुबलक. सामू कमी होईल म्हणून दुकानदार गळ्यात मारतात, पण चुनखडीच्या रानात जिप्सममुळं सामू काय हलत नसतो. चोपण म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीत हलतो, तिथं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं, पण तो सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला निचरा पाहिजे, चर नसतील तर जिप्सम टाकून पाणी तुंबवून बसायचं, दुसरं काय.

आता ते ढेकूळ. काचेच्या ग्लासात पावसाचं नाहीतर डिस्टिल्ड पाणी घ्या, ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका, रात्रभर राहू द्या. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर सोडियमचा संशय घ्या आणि माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण) काढून घ्या, १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समचा डोस त्या रिपोर्टवरून ठरवायचा, व्हिडिओवरून नाही. बोअरचं पाणी देत असाल तर तेही तपासा, बऱ्याचदा खरी गोम तिथंच असते. ढेकूळ नुसतं ढासळून खाली बसलं अन् पाणी नितळ राहिलं तर कडकपणाचं कारण वेगळं, बहुतेक ओल्यात ट्रॅक्टर फिरवणं, नाहीतर रान उघडं पडणं. भुसकट सगळं जनावरांना जातंय ना? मग झाकायला उरतं काय!

राहिला गंधक. सोयाबीनला हेक्टरी २० किलोच्या, म्हणजे एकरी आठेक किलोच्या आसपास लागतो आणि डीएपीत तो नसतो. तुम्ही डीएपीच टाकत असाल तर स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटवर या, एकरी ३ गोण्यांत १६ किलो गंधक येतोय आणि त्या खतात निम्म्याच्या आसपास जिप्समच असतं, तेव्हा वेगळं कशाला आणायचं. (नत्र तेवढं वेगळं द्या, सुपरमध्ये नसतं.) भुईमूग घेतला तर गोष्ट वेगळी, शेंग कॅल्शियम मुळीवाटे नाही तर थेट मातीतून घेते, म्हणून आऱ्या (फुलातून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटताना ओळीच्या बुडाशी जिप्सम देतात, तिथं मी पण नाही म्हणणार नाही.