दोरा न कापलेली जुनी शालिमार आणि नवी लिमिटेड एडिशन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, शालिमार या फ्रेंच अत्तराची जुनी कुपी निघाली. त्यांचा भाऊ बोटीवर होता, त्याने कधीतरी आणून दिलेली. मानेवरचा, बूच बंद करणारा दोरा तसाच आहे, पण आतलं अत्तर बरंच खाली गेलंय आणि गडद झालंय. मुलगा म्हणतो, ही खराब झाली, काढून टाकू. २०२५ मध्ये शालिमारला शंभर वर्षं झाली, तर त्याऐवजी एखादी नवी लिमिटेड एडिशन घेऊन ठेवू, पुढे किंमत येईल. मी बावीस वर्षं कुप्या जमवतेय. आधी एवढंच सांगते, की जुनी कुपी टाकू नका, कुणाला देऊ नका आणि पुसायलाही घेऊ नका.

मुलाच्या हिशेबात एक गोष्ट सुटतेय. कंपनी जेव्हा ‘एवढ्याच काढल्या’ म्हणून सांगते, तेव्हा घेणारा प्रत्येक जण ती जपूनच ठेवतो. खोक्यासकट, पावतीसकट. पुढे पंधरा-वीस वर्षांनी तो विकायला काढतो तेव्हा इतरांनीही काढलेल्या असतात आणि सगळ्यांच्या कोऱ्या करकरीत. सासूबाईंच्या कुपीचं नेमकं उलटं आहे. ती वापरून संपवण्यासाठीच केली होती. ज्यांनी घेतली त्यांनी लावली, संपवली, रिकामी कुपी भंगारात गेली, नाहीतर बूच हरवलं. दोरा न कापलेली एखादी उरते ती ‘चांगल्या दिवशी लावू’ म्हणून कुणीतरी कपाटात ठेवून दिली म्हणूनच. अशी कुपी ठरवून पुन्हा करता येत नाही.

आता कुपीकडे बघू. शालिमार हे पॅरिसच्या गेर्लाँ घराण्याचं अत्तर, झाक गेर्लाँ यांनी रचलेलं. त्यांचे काका एमे गेर्लाँ यांच्या १८८९ च्या ‘झिकी’ अत्तरामध्ये त्यांनी एथिल व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं कृत्रिम रसायन, ओतून पाहिलं आणि त्यातून शालिमार सुचलं, असं सांगतात. कुपी घडवली घराण्यातल्याच रेमाँ गेर्लाँ यांनी, आणि ती फुंकली बाकाराच्या काचकारागिरांनी. बाकारा हे पूर्व फ्रान्समधलं गाव, तिथला स्फटिककाचेचा कारखाना १७६४ चा. १९२५ मध्ये पॅरिसला सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे या कुपीला पारितोषिक मिळालं. पंख्यासारखी पसरट, अंगावर उभ्या पन्हळी, खाली बसकी बैठक आणि वर निळं बूच. मुघल बागांतल्या कारंज्यांच्या हौदांवरून आकार सुचला म्हणतात. फ्रेंच लोक मात्र तिला सरळ ‘वटवाघूळ’ म्हणतात, आणि एकदा ते ऐकलं की पसरलेले पंखच दिसायला लागतात.

नावामागची गोष्ट जाहिरातीत शाहजहान आणि मुमताजच्या प्रेमाची सांगतात, की त्याने तिच्यासाठी शालिमार बाग करवला. ती ऐकायला गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. श्रीनगरचा शालिमार बाग जहांगीरने १६१९ च्या सुमारास करवला. लाहोरचा शाहजहानचाच, पण त्याचं काम १६४१ मध्ये सुरू झालं आणि मुमताज त्याच्या दहा वर्षं आधी, १६३१ मध्ये, आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात वारली होती. तापीकाठच्या बागेत तिला आधी पुरलं होतं. माझं माहेर जळगावचं, त्यामुळे ‘शालिमार’ म्हटलं की मला कारंज्यांऐवजी तापीच आठवते.

तर आता खिडकीजवळ, पण उन्हात नाही, टेबलावर जाड पंचा पसरा आणि कुपी त्यावर ठेवा. उलटी करायची नाही. एका हाताने बूच आणि मान एकत्र धरून डोळ्यांच्या उंचीवर उचला आणि खालून तळ बघा. आम्लाने उमटवलेला, दुधी दिसणारा छोटा गोल शिक्का आहे का? मध्ये सुरई आणि बाजूला पेले असतील तर ती बाकाराची. हा शिक्का बाकाराने सगळ्या मालावर घालायला सुरुवात केली १९३६ पासून. त्याऐवजी एच आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली दिसली तर कुपी पोशे ए द्यु कुर्व्हालची. तेही फार जुनं घराणं, १६२३ पासूनचं, आणि काम चांगलंच. म्हणजे शिक्का बाकाराचा नाही म्हणून कुपी खोटी ठरत नाही. गेर्लाँने ती वेगवेगळ्या कारखान्यांतून करून घेतली आहे.

दुसरी खूण बुचात आहे. जुन्या स्फटिककुप्यांची बुचं साच्यातून आयती मिळत नसत. प्रत्येक बूच त्या एका मानेत फिरवून, घासून बसवत, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून बुचाच्या दांड्यावर आणि कुपीच्या तळाला तोच आकडा बारीक कोरत. तुमच्याकडे दोरा असल्याने दांडा दिसणार नाही, तो तसाच असू द्या. तळावरचा आकडा मात्र भिंगाने शोधा. पुढे विकत घ्यायची वेळ आली तर हेच आधी बघायचं. दोन आकडे वेगळे निघाले तर बूच दुसऱ्या कुपीचं आहे.

आणि तो दोरा. तो शोभेसाठी नाही. बुचाच्या फटीवर आधी पातळ पापुद्रा ओढून बसवतात (पूर्वी तो जनावरांच्या आतड्याचा असे), त्यावरून दोरा आवळून गुंडाळतात आणि शेवटी त्याचं टोक बारीक विंचरून फुलवतात. गेर्लाँमध्ये हे काम करणाऱ्या बायकांना ‘टेबलावरच्या बायका’ म्हणतात, आणि खास कुप्यांसाठी ते आजही हातानेच होतं. टोक फुललेलं आणि जागच्या जागी असेल तर कुपी कुणी उघडलेली नाही असं बऱ्यापैकी धरून चाला. तरीही अत्तर खाली जातं. घासून बसवलेलं बूच हवाबंद नसतं, पापुद्रा सुकतो आणि मद्यार्क वर्षानुवर्षं हळूहळू उडत राहतो. पातळी खाली गेली म्हणून दचकू नका. जुन्या कुपीत अत्तर थेट गळ्यापर्यंत दिसलं तर मला उलट शंका येते.

गडद रंगाचं कारण व्हॅनिला. व्हॅनिलिन, म्हणजे तिचा वास देणारं द्रव्य, जुनं होत जातं तसं तपकिरी होतं. सगळ्यात आधी जातो तो वरचा बर्गामोटचा, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या त्या फळाच्या सालीचा ताजेपणा. जुनी शालिमार पहिली पाच मिनिटं नेलपॉलिशच्या वासासारखी, थोडी आंबूस वाटते आणि लोक तिथेच ‘खराब’ म्हणून मोकळे होतात. थांबायला हवं. खालचा आयरिस, चामडं, ओपोपोनॅक्सचा डिंक, टोंकाच्या सुगंधी बिया आणि व्हॅनिला बहुतेक वेळा शाबूत असतात आणि अर्ध्या तासाने जे उमलतं ते आजच्या बाटलीत तसंच मिळत नाही. बर्गामोटमधला बर्गाप्टेन हा घटक उन्हात त्वचा भाजतो म्हणून आता तो काढून टाकतात, इतरही घटकांवर मर्यादा आल्या. ते योग्यच आहे. पण म्हणून जुन्या कुपीतलं अत्तर एका वेगळ्या काळाचं आहे.

लिमिटेड एडिशन अजिबात घेऊ नका असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा आत नेहमीचंच अत्तर असतं आणि बदलतो तो रंग, पट्टी, खोका. त्याला मी जास्तीचे पैसे देत नाही. २०१० मध्ये डिझायनर जेड जॅगरने नेहमीच्या कुपीचाच आकार बदलला, तो मला आवडला नाही, फार गुळगुळीत झाला. पण त्याच सुमारास गेर्लाँचे तेव्हाचे अत्तरकार तिएरी वासेर यांनी शालिमारची ‘ओद आ ला व्हॅनी’ ही आवृत्ती काढली, मग मादागास्कर आणि मेक्सिकोच्या व्हॅनिलाच्या आवृत्त्या आल्या. तिथे मर्यादित होतं ते अत्तरच, त्या घेण्यासारख्या होत्या. तसंच १८५३ मध्ये फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीसाठी केलेली, अंगावर ६९ मधमाश्या उठवलेली गेर्लाँची कुपी. तिच्यावर आजही कलाकारांकडून काम करवून मोजक्या प्रती काढतात, तिथे हातांची किंमत असते. मुलाला सांगा, घ्यायचीच तर अशी घे, आणि रोज बघावीशी वाटली तर घे.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी मोठी, गळ्यापर्यंत भरलेली कुपी ‘सीलबंद, दुर्मिळ’ म्हणून घेतली. साठवलेले पैसे घातले होते. घरी आल्यावर मानेजवळ नाक नेलं तर काहीच नाही, व्हॅनिलाचा मागमूससुद्धा नाही. ती दुकानाच्या काचेत मांडायची कुपी होती, आत नुसतं रंगीत पाणी. अशांना ‘फाक्तीस’ म्हणतात. त्या जमवणारेही आहेत, पण त्या फाक्तीस म्हणूनच विकल्या पाहिजेत. त्याने ते सांगितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्या कुपीला मानेपाशी अगदी मंद का होईना वास येईल. दोरा न हलवता हुंगून बघा.

ठेवायची कशी? उभी, अंधारात, सगळ्यात थंड खोलीतल्या लाकडी कपाटात. दिवाणखान्यातल्या दिवे लावलेल्या शोकेसमध्ये नको, आणि आडवी तर कधीच नको. मूळ खोका असेल तर त्यातच, मळका असला तरी. टपालाने कुणाला पाठवू नका, अत्तर ज्वालाग्राही असतं आणि पार्सल अडकतं.

उघडायची की नाही, हे मी सासूबाईंना विचारेन. त्या आहेत ना अजून? भावाने आणलेली आहे, त्यांचा शब्द आधी. त्या ‘उघड’ म्हणाल्या तर दोरा आणि बुचाचा आधी फोटो काढून घ्या, मग दोरा बारीक कात्रीने मागच्या बाजूने कापा आणि तो खोक्यात जपून ठेवा. बूच अडकलेलं असेल. पिळायचं नाही, पक्कड तर लांबच. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मानेभोवती एक-दोन मिनिटं धरा, लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी अगदी हलके टिचके मारा, मग सरळ वर ओढा. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. निघालं की बुचाच्या दांड्याला जे लागेल तेवढंच त्यांच्या मनगटावर लावा, आणि अर्धा तास त्यांच्याजवळ बसा.