ईटीएफ म्हणजे नेमकं काय? म्युच्युअल फंडाऐवजी ते घ्यावं का?

हिंजवडीत नोकरी, डीमॅट उघडून पडलंय, महिन्याला दहा हजार टाकायचेत, असं तुम्ही लिहिलंय. पीएफ कापला जात असेल, तर तुमचे थोडे पैसे बहुधा ईटीएफमध्ये आधीच असतील. पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था ईपीएफओ 2015 पासून शेअर बाजारात पैसा लावते तो मुख्यतः याच वाटेने.

ईटीएफ (एक्स्चेंज ट्रेडेड फंड) हा फंडच, फक्त त्याची युनिटं शेअरसारखी एनएसई-बीएसईवर घेता-विकता येतात. निफ्टी 50 हा एनएसईवरच्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; त्याचा ईटीएफ घेतला की त्या पन्नास कंपन्यांत थोडा थोडा वाटा मिळतो. आपल्याकडचा पहिला, निफ्टी बीज, जानेवारी 2002 मध्ये बाजारात आला. शेअर निवडायला मॅनेजर लागत नाही म्हणून खर्च नगण्य: मोठ्या निफ्टी ईटीएफमध्ये लाखामागे वर्षाला शंभर रुपयेसुद्धा नाहीत. एजंटामार्फत घेतलेल्या नेहमीच्या इक्विटी फंडात हाच आकडा दीड हजाराच्या घरात सहज जातो.

सोन्यात पैसे लावणारे ईटीएफही असतात; सोन्यासाठी तर मी तेच सुचवेन. लक्ष्मी रोडवर दागिना घेताना 3 टक्के जीएसटी, वर घडणावळ, मोडताना घट. इथे यातलं काही नाही, लॉकरही नको. अर्थात ते लग्नात गळ्यात घालता येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

गोम आहे ती खरेदीच्या वेळी. युनिटमागच्या मालाची त्या क्षणाची किंमत, म्हणजे आयएनएव्ही, फंड कंपनीच्या साइटवर दिसते. ती 100 असताना विकणारा 106 मागत असेल, तर घेतल्या घेतल्या सहा रुपये गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीचा तुटवडा झाला तेव्हा सिल्व्हर ईटीएफ असेच चढ्या भावाने विकले जात होते. अमेरिकी निर्देशांकांच्या ईटीएफचंही तेच: परदेशी गुंतवणुकीवरच्या मर्यादेमुळे फंडांना नवीन युनिटं हवी तेवढी काढता येत नाहीत, आणि आहेत त्यांचा भाव फुगतो. म्हणून ज्यात रोज भरपूर उलाढाल होते तेच घ्या, आणि ऑर्डर कायम लिमिटची (जास्तीत जास्त भाव तुम्ही ठरवायचा) टाका, मार्केटची (मिळेल त्या भावाची) नको. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं हात आखडता ठेवा; तेव्हा भाव उड्या मारत असतात.

आता तुमचे दहा हजार. दर महिन्याला लॉगिन करून आयएनएव्ही बघण्याची हौस नसेल, तर निफ्टी इंडेक्स फंडाच्या (निफ्टीचेच शेअर घेणारा साधा म्युच्युअल फंड) डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटाशिवाय, एसआयपी लावा. खर्च किंचित जास्त, पण पैसे पूर्ण गुंततात; ईटीएफमध्ये अख्खं युनिट घ्यावं लागतं, चिल्लर उरते, शिवाय विकताना डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून युनिटं काढण्याचं शुल्क, बसतो. बाजार दुपारी दाणकन आपटला की तेव्हाच्या भावात घ्यायची खुमखुमी असेल, तर ईटीएफ. निफ्टीचा ईटीएफ घ्या की इंडेक्स फंड, कर सारखाच: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के, नंतर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा. तेव्हा करासाठी म्हणून इकडून तिकडे उडी मारू नका.