रोकड जुळली, तरी मन जुळत नाही

"मी प्रामाणिकपणे काम करतो. तरी कुणाचे तरी पैसे माझ्या हातून बुडाले असतील, असं वाटत राहतं." एका पतसंस्थेत रोखपाल असलेल्या गृहस्थांची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोकड जुळल्यावरही ते पाच-सहा वेळा नोटा मोजत. घरी आल्यावर सहकाऱ्याला फोन, मग बायकोला तोच प्रश्न: "चुकलं नसेल ना माझं?"

रोकड नियमाप्रमाणे दोनदा मोजणं, फरक निघाला तर लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करणं, याला काटेकोरपणे वागणं म्हणतात. ते काम संपतं. यांचं संपत नव्हतं, कारण तिसऱ्या मोजणीतून नवी माहिती मिळत नव्हती, फक्त धास्ती घटकाभर उतरत होती. मोजल्यामुळेच संकट टळलं असं मन धरून बसतं आणि पुढची शंका आणखी जोरात येते. असल्या विचारांत आणि तपासण्यांत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामावर, घरावर परिणाम होत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी: नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं, हा मनाचा आजार) असू शकतो. निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्यावं. यांचं तेच निघालं.

उपचारात भीतीची शिडी केली, म्हणजे न तपासता सोडायच्या गोष्टींना त्यांची जितकी भीती वाटते तितके गुण दिले, शून्य ते 100. दुकानातले सुट्टे न मोजता खिशात टाकणं 30 वर. दोन मोजण्यांनंतर तिजोरी बंद करणं 50, सहकाऱ्याला फोन न करणं 70. सगळ्यात वर, "कदाचित चूक झालीही असेल" हे वाक्य लिहून रोज वाचणं आणि काहीही न तपासणं. एक पायरी सोपी वाटेपर्यंत तिचाच सराव.

इथे हमखास घसरतं ते दोन ठिकाणी. हात थांबतात, पण माणूस मनातल्या मनात मोजत राहतो, तीही मोजणीच. दुसरं, घरचे मायेपोटी "नाही हो चुकलं" म्हणत राहतात. त्यांच्या पत्नीला एकच उत्तर ठरवून दिलं: "अहो, याचं उत्तर मी देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते." पहिले काही दिवस चिडचिड वाढली. ती वाढणार हे दोघांनाही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून पत्नी ठाम राहू शकल्या.

गोळ्या लागल्या तर गुण दिसायला बहुधा 8 ते 12 आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. जवळपास तज्ज्ञ नसतील तर मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.