एंडोस्कोपमध्ये करिअर करायचंय? आधी तारांचं गणित

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शरीरात घालून तपासणी करायच्या लवचिक एंडोस्कोपवर काम करायची इच्छा आहे. त्यासाठी बायोमेडिकलची पदवी घ्यावीच लागेल का?

उत्तर: नाही. कॅमेरा आणि चित्र हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा प्रांत; टोक वळवणारी यंत्रणा मात्र पक्की मेकॅनिकल आहे.

टोकाजवळ रिव्हेटने जोडलेल्या कड्यांची साखळी असते. तिच्यातून चार तारा मुठीवरच्या दोन चाकांपर्यंत येतात. एक चाक वर-खाली, दुसरं डावं-उजवं. गॅस्ट्रोस्कोपचं, म्हणजे जठर तपासायच्या एंडोस्कोपचं, टोक साधारण २१० अंश वर आणि ९० अंश खाली वळतं. त्यासाठी तार किती ओढावी लागते? मध्यापासून तारेचं अंतर गुणिले रेडियनमधला कोन. अंतर ४ मिमी धरलं तर २१० अंशांसाठी जेमतेम १४.७ मिमी. म्हणजे वापरून वापरून तार २ मिमी जरी सैल पडली, तरी जवळपास २९ अंश गेले. डॉक्टर म्हणतात, "चाक फिरतंय, टोक हलत नाही", ते यामुळे. नवशिका लगेच तार करकचून ताणतो. मग घर्षण वाढतं, चाक जड होतं आणि तार तुटते.

सुट्टीत एक मॉडेल कर. थ्रीडी प्रिंटरवर २० मिमी व्यासाच्या दहा कड्या काढ, लागोपाठचे सांधे एकमेकांशी काटकोनात ठेव. बारीक स्टीलच्या तारा मीटरभर स्प्रिंगच्या आवरणातून ने. नळी सरळ असताना टोक किती वळतं ते मोज, मग नळीचा एक पूर्ण वेढा करून पुन्हा मोज. घर्षणगुणांक ०.२ असेल तर एका वेढ्यात तारेला सुमारे साडेतीनपट ताण लागतो. वेढा लहान की मोठा, याने फरक पडत नाही; एकूण वळण किती, ते महत्त्वाचं. मोठ्या आतड्यात नळीचा वेढा पडला की टोक ऐकेनासं होतं, त्यात या घर्षणाचा मोठा वाटा असतो.

दुसरी शिकायची गोष्ट लीक टेस्ट. वळणाऱ्या भागावर रबरी आवरण असतं, दोन्ही टोकांना दोरा गुंडाळून वर इपॉक्सी लावलेलं. स्कोप द्रावणात बुडवून धुण्याआधी आत हवेचा दाब भरून काटा उतरतो का ते बघायचं. मग पाण्याखाली धरून दोन्ही चाकं पूर्ण फिरवायची, कारण टाचणीएवढं भोक टोक वळल्यावरच उघडतं. ही पायरी चुकली की पाणी आत शिरतं, तारा गंजतात, कॅमेरा धुरकट होतो. खर्च मग रबरापुरता उरत नाही.

माझ्या मते पहिली नोकरी दुरुस्ती विभागात धर. काय आणि कुठे तुटतं हे ज्याने पाहिलंय, तो डिझाइनला कामाचा. सोबत आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, वाच. कंटाळवाणं आहे, पण लागतंच. रोबोटिक स्कोपकडे वळायचं असेल तर मात्र कंट्रोल सिस्टिम्ससाठी पुढची पदवी हवी.

मुलाखतीला मॉडेल ने, आणि चाकाचा कोन विरुद्ध टोकाचा कोन हा आलेखही ने: जाताना एक रेघ, येताना दुसरी. त्या दोन रेघांमधलं अंतर कशामुळे पडतं, हे विचारतीलच.