अक्रोकोरिंथला सासूबाईंना न्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही ग्रीसला जातोय. अक्रोकोरिंथच्या डोंगरावर प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीच्या देवळाचं फारसं काही उरलेलं नाही म्हणतात. सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन चढावं का?

उत्तर : जा, जरूर जा. देवळाचे म्हणाल तर माथ्यावर, ५७५ मीटरवर, पायाचे थोडे दगडच आहेत. खांब पाहायचे तर खाली प्राचीन कोरिंथ शहरात अपोलोच्या देवळाचे सात उभे आहेत, एकेक अखंड दगडाचा. वर पाहायचा तो किल्ला! एकामागे एक तीन दरवाजे. बायझंटाइन, फ्रँक, व्हेनिशियन, ऑटोमन, जो आला त्याने तटाला हात लावला. तिसऱ्या दरवाजाशी मी बराच वेळ रेंगाळले; उजव्या बुरुजात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले ग्रीक चिरे आहेत, सांधा बोटाला जेमतेम लागतो. मला तर देवळापेक्षा तोच जास्त भावला.

गाडी पहिल्या दरवाजाजवळ जाते. आतली फरसबंदी झिजून गुळगुळीत झाली आहे, उतरताना पाय सटकतो. सासूबाईंना दरवाजापर्यंतच न्या, काठी असू द्या. तुम्ही सकाळी लवकर माथा गाठा. एकीकडे कोरिंथचं आखात, दुसरीकडे सारोनिक, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. पाणी खालूनच भरून घ्या.